आवाज आहे, खड्डा नाही

मी जमीन फोडायची नोकरी करते. कुणी विचारलं की असंच सांगते, कारण नीट समजावायला गेलं तर पाच मिनिटं जातात आणि समोरचा शेवटी "म्हणजे गेम खेळता?" असं म्हणतोच. पुण्यातली एक लहानशी कंपनी जुन्या धाटणीचा युद्धाचा गेम बनवते आहे. वरून दिसणारं रणांगण, ठोकळ्याठोकळ्यांची झाडं, मुंगीएवढे सैनिक, काडेपेटीएवढे रणगाडे. सगळं मुद्दाम ओबडधोबड, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी असायचं तसं. यात पाळीपाळीने खेळायचं नसतं. दोन्हीकडचं सैन्य एकाच वेळी धावत असतं आणि खेळणाऱ्याची तारांबळ उडते. नवं एवढंच की यातली जमीन फुटते. तोफगोळा पडला की खड्डा होतो आणि तो शेवटपर्यंत तिथेच राहतो. टेकडीला सुरुंग लावला की टेकडी ढासळते, खालची वाट बुजते, शत्रूला वळसा घालावा लागतो. मी दिवसभर ही जमीन फोडत बसते आणि ती कुठे चुकीची फुटली ते लिहून कळवते. गावातल्या घरातून, पत्र्याखाली, पंखा पाचावर ठेवून.

यात गंमत अशी की मी जमिनीला घाबरते.

बारावीनंतर हिंगोलीला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे, तेव्हा सर जेवायला गेले की आम्ही असलेच जुने गेम लावायचो. त्यात कितीही गोळे टाका, जमिनीवर एक काळा डाग उमटायचा आणि थोड्या वेळाने तोही पुसून जायचा. बाकीच्यांना ते खोटं वाटायचं. मला तर तेच आवडायचं. कितीही आदळा, जमीन आपली जागच्या जागी.

कारण आमच्या भागात जमीन बोलते. औंढा, वसमत, कळमनुरीकडच्या गावांत कुणालाही विचारा. आधी खालून गुरगुर येते, मग लांब कुठेतरी सुरुंग उडाल्यासारखा धप्प आवाज होतो, मांडणीवरचे हंडे एकमेकांना लागतात आणि संपलं. पेपरवाले भूकंप म्हणतात, आम्ही नुसतं 'आवाज' म्हणतो. शाळेत गुरुजी खडू तसाच हातात धरून आम्हाला रांगेने पटांगणात काढायचे आणि पाच मिनिटांनी परत आणून सतराचा पाढा पुढे चालू. मी चौथीत होते त्या उन्हाळ्यात इतके आवाज झाले की अख्खी वस्ती महिनाभर विहाराच्या पटांगणात अंथरुणं टाकत होती. लोकांना सवय झाली. मला झाली नाही. अजूनही घरावरून ट्रक गेला तरी मी आधी दाराकडे बघते आणि मग ट्रककडे.

त्याच उन्हाळ्यात काकांचे डोळे गेले.

माझे वडील, म्हणजे आबा, विहिरी खोल करायचं काम करतात. परवानेवाला माणूस सुरुंगाची दारू आणून भरतो, खडकाला छिद्रं पाडायला ट्रॅक्टर येतो, माणसं आणि दगड वर-खाली करायला क्रेन. पण छिद्र कुठे घ्यायचं ते दाखवणं आणि नंतर बार मोजणं हे आबांचं. बार म्हणजे भरलेलं एक छिद्र. वाती कमीजास्त लांबीच्या तोडतात, त्यामुळे बार एकदम न उडता एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. अकरा भरले आणि अकरा ऐकले, तर धूर निवला की उतरायचं. दहाच ऐकले, तर एक बार खाली जिवंत आहे. मग त्या दिवशी विहिरीत कुणी पाय घालायचा नाही, मालकाने कितीही आदळआपट केली तरी. आणि या लोकांचा एक जुना रिवाज आहे. जो मोजतो तोच पहिला उतरतो. मोजणाऱ्याने उगाच 'असतील अकरा' म्हणू नये, म्हणून.

त्या दिवशी नऊ बार होते. आबांनी नऊ मोजले. रिवाजाप्रमाणे आबांनीच आधी उतरायचं, पण काका तेव्हा विशीतले, अंगात रग. "तू मोजले म्हंजे मोजले, भाऊ," असं म्हणत ते दोर धरून खाली गेलेसुद्धा. तळाला पहिली पहार मारली आणि नववा बार उडाला.

जीव वाचला. डोळे गेले. गाव म्हणालं, थोरला मोजायला चुकला. आबांनी ते कधी नाकारलं नाही. काका आमच्या शेजारच्याच खोलीत राहतात, दोघं भाऊ रोज एका ताटलीतून शेंगा खातात, पण त्या दिवसाचा विषय दोघांनी कधी काढला नाही. अठरा वर्षांत एकदाही नाही. आबांनी फक्त एक केलं: त्यानंतर कुठल्याही विहिरीत त्यांनी दुसऱ्या कुणाला पहिलं उतरू दिलं नाही. आता साठीला आलेत, गुडघे कुरकुरतात, तरी पहिले तेच. आणि बार असला की त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरत नाही. कुणाला सांगत नाही. भित्री म्हणून माझी ख्याती आधीच पुष्कळ आहे.

आबांनी माझं काम पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चहाचा कप घेऊन मागे उभे होते. मी एका टेकडीवर गोळे टाकत होते.

"हे काय? समदी जमीन एकसारखीच फुटून राहिली की."

"मग कशी फुटायला पाहिजे?"

"वरली काळी उडती, पण दगड होऊन न्हाई उडत. ढेकळं. खाली मुरूम, तो घसरतो. मंग मांजऱ्या खडक, त्याच्या पापड्या निघत्यात. अन् त्याच्या खाली काळा पाषाण, त्याला तुमच्या या तोफा काय करत्यात? त्याला भोक पाडून आतूनच फोडावं लागतं."

मी ते सगळं लिहून पुण्याला पाठवलं. तिकडे टीमचा जो मुख्य आहे, चोवीस वर्षांचा एक चष्मेवाला, त्याने आधी हसरा चेहरा पाठवला आणि आठवड्याभरात जमिनीचे चार थर करून दिले. गेम एकदम खरा वाटायला लागला. आबा त्यानंतर रोज चहाच्या वेळी येऊन बसायचे आणि माझ्या सैन्याला नावं ठेवायचे. "तुझा तो रणगाडा बघ, नवरदेवासारखा जागचा हालत न्हाई."

एक चूक मात्र काही केल्या जाईना. गेममध्ये सुरुंग लावणारी एक तुकडी आहे. ती टेकडीत सुरुंग पेरते, लांब येते, मग स्फोट होतात. कधीकधी आवाज यायचा, धूर दिसायचा, पण टेकडी तशीच. गेमच्या हिशेबी तो सुरुंग अजून पेरलेलाच असायचा. मग पुढे कधीतरी आपलेच सैनिक त्या वाटेने गेले की उडायचे. ही चूक कळवताना मी दरवेळी एकच मथळा द्यायचे: आवाज आहे, खड्डा नाही. एकदा आबांच्या समोरच असं झालं. माझे सहा सैनिक निवांत चालत गेले आणि नाहीसे झाले. आबांनी खुर्चीवरून लोंबणारे पाय वर घेतले, कप खाली ठेवला आणि बाहेर गेले. तीन दिवस ते चहाला आत आले नाहीत. त्यांना हे दाखवायला नको होतं, एवढी अक्कल मला नंतर आली.

या वर्षी उन्हाळ्यात पुण्याहून निरोप आला: स्फोटाचे आवाज विकतचे वापरलेत, ते डबडं वाजवल्यासारखे वाटतात, खरे मिळतील का? मी म्हटलं, मिळतील. घरचीच शेती आहे.

शिरड शहापूरच्या रस्त्याला, आमच्यापासून तीन किलोमीटरवर एका विहिरीचं काम आबांकडे होतं. पस्तीस फूट झालेली, आणखी आठ फूट खाली न्यायची. मी सकाळी स्कूटीवर गेले. आबांनी मला लांब बाभळीमागे बसवलं आणि मी मोबाईलला माईक जोडून एका वळकटीवर ठेवला. अकरा बार भरले होते. परवानेवाला वाती पेटवून वर आला, सगळे लांब पळाले, आबांनी दोन्ही हातांची बोटं उघडली.

पहिला बार मला दातांत जाणवला. मग दुसरा. दर आवाजाला आबा एक बोट मिटत होते आणि मीही त्यांच्याबरोबर मनातल्या मनात मोजत होते. जमीन पायाखाली हलत होती, वर उडालेले दगड पडत होते, धूळ येत होती. सात. आठ. नऊ. दहा. मग थोडी उसंत, आणि अकरा.

"अकरा," आबा म्हणाले. "बराबर?"

"अकरा," परवानेवाला म्हणाला.

"अकरा," मीसुद्धा म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले. ते मला आजही टोचतं.

धूर निवायला अर्धा तास. तोवर परवानेवाला त्याची पेटी घेऊन दुसऱ्या कामाला निघून गेला. आबांनी शर्ट काढून बाभळीला अडकवला. मी सामान गोळा केलं. त्यांना खाली उतरताना मला बघायचं नव्हतं; क्रेनच्या दोरावर त्यांचं डोकं विहिरीच्या काठाखाली जातं तो क्षण मला सोसत नाही. पुण्याला आवाज लवकर पाठवायचेत, असं म्हणून मी निघाले.

घरी आले तर काका ओट्यावर शेंगा फोडत बसलेले.

"मघाशी हंडे वाजले," ते म्हणाले.

"बार होते, काका. अकरा."

"बारानं न्हाई वाजले. बार इथवर येत न्हाई."

काकांना असं काहीतरी नेहमी ऐकू येतं, त्यामुळे मी "हं" म्हणून आत गेले. त्या महिन्यात आवाज पुष्कळ होत होते. त्याचं नवल काय?

हेडफोन घातले आणि आवाज कापायला बसले. कॉम्प्युटरवर आवाजाची आकृती दिसते. बार उडाला की ती रेघ भिंतीसारखी सरळ उभी राहते आणि मग हळूहळू खाली उतरते. एक कापला, दोन कापला, सहापर्यंत भिंतीच भिंती. सातव्याला भिंत नव्हती. रेघ आधी जराशी फुगली, मग चढत गेली, टेकडीसारखी, आणि तशीच सावकाश उतरली. मी म्हटलं माईक हलला असेल. तरी तो गेममध्ये घालून बघितला. तुकडीने सुरुंग पेरले, मी उडवले. सहा आवाज आणि सहा खड्डे. सातव्याला खड्डा आधी पडला आणि आवाज मागून गुरगुरत आला. तो आवाज त्या खड्ड्याचा नव्हताच.

मी हेडफोन काढले. बाहेर काका शेंगा फोडत होते, त्याचा कटकट आवाज येत होता.

"काका, हंडे किती वाजता वाजले?"

"तू यायच्या आधी. बाजारची गाडी गेली, त्याच्या मागून."

बाजारची जीप साडेदहाला जाते. बार साडेदहाला उडाले होते.

सातवा आवाज जमिनीचा होता. म्हणजे बार दहाच उडाले. म्हणजे एक खाली आहे. आणि आबा खाली आहेत.

फोन लावला. वाजत राहिला. फोन शर्टात होता आणि शर्ट बाभळीवर. क्रेनवाल्याला लावला, त्याचाही वाजत राहिला. त्या इंजिनाच्या शेजारी तोफ उडाली तरी ऐकू येत नाही. मी बाहेर येऊन काकांना कसंबसं सांगितलं. त्यांच्या मांडीवरचं ताट उलटलं.

"जाय," ते म्हणाले. "पळ, माय. त्याला पहार मारू देऊ नको."

तीन किलोमीटर मी कशी गेले ते सांगता येणार नाही. एवढं आठवतं की रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात स्कूटी आपटत होती आणि दर आपटीला मला वाटत होतं, झालं, उडाला. मी कान देऊन ऐकत होते आणि ऐकू येऊ नये म्हणून मोठ्याने बडबडतही होते. काय, ते माहीत नाही. लांबून क्रेन दिसली. तिचा लोखंडी डबा दगडांनी भरून वर येत होता. म्हणजे आबांनी तळ उपसायला घेतला होता.

मी ओरडले. कुणी बघितलं नाही. मग मी सरळ क्रेनकडे धावले आणि भरलेला डबा काठावर टेकताच चावी फिरवून इंजिन बंद केलं. क्रेनवाल्याने मला एक सणसणीत शिवी दिली. ती पूर्ण ऐकू आली, इतकं सगळं शांत झालं होतं.

काठावर पालथी पडून मी खाली बघितलं. आबा आणि दुसरा एक गडी. गडी ढिगाऱ्यावर टेकलेला. आबांनी पहार दोन्ही हातांनी खांद्याएवढी उचललेली.

"आबा, दहाच! दहाच फुटले!"

ते वर बघायला लागले. पहार तशीच हवेत.

"सातवा जमिनीचा होता! हंडे वाजले घरी! मारू नका!"

आबांनी वाद घातला नाही. 'मी मोजले ना' असं म्हणाले नाहीत. त्यांनी पहार इतकी हळू खाली आणली की जणू तिच्या टोकाला निजलेलं लेकरू होतं. टोक दगडाला लागू न देता ती भिंतीला टेकवली. मग गड्याला म्हणाले, "हलू नको. पाय आहे तिथं ठिव."

आणि मग मला सगळ्यांत मोठी भीती कळली. सातवा आवाज जमिनीचा होता हे मला माहीत होतं, पण न फुटलेला बार कोणता, हे मला माहीत नव्हतं. तो कुठल्याही कोपऱ्यात असू शकत होता. डबा रिकामा करून खाली सोडायचा, तर तो टेकणार कुठे? क्रेनवाल्याने डबा तळापासून हातभर वर अधांतरी धरला. आधी गडी चढला. मग आबा. दोर करकरत होता आणि मी आबांच्या टकलाकडे बघत होते, ते एकेक फूट मोठं होत होतं. काठावर आल्यावर त्यांनी शर्ट मागितला आणि उलटा घातला.

दुसऱ्या दिवशी परवानेवाल्याने तो बार शोधला. ईशान्येच्या कोपऱ्यात, सैल दगडांच्या खाली, भरलेला, वातीचं जळकं शेपूट बाहेर. आबांची पहार टेकली होती तिथून दोन वीत. त्याने तो निकामी केला. मी तिथे गेले नव्हते, हे सगळं क्रेनवाल्याने सांगितलं.

पण त्याच्या आदल्या संध्याकाळी, आम्ही घरी परतलो तेव्हा काका अजून ओट्यावरच बसलेले होते. सांडलेल्या शेंगा तशाच. आबांच्या चपला ऐकून त्यांनी मान वळवली. आबा त्यांच्या शेजारी बसले आणि मला म्हणाले, "ते आवाज लाव."

मी मोबाईलवर लावले. काका बोटं मिटत गेले.

"अकरा," काका म्हणाले.

"दहा," आबा म्हणाले. "सातवा बार न्हाई. जमीन हाय ती. परत ऐक."

मी परत लावलं. सातव्याला काकांचं बोट अर्धवट मिटलं आणि थांबलं. शेजारी कुणाच्या तरी टीव्हीवर मालिका लागली होती.

"भाऊ," काका म्हणाले, "त्या दिवशी मी बी नऊच मोजले व्हते."

आबांनी मान वर केली. त्याआधी मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

"नऊ?"

"नऊ. तुझ्या बराबर. म्हून तर उतरलो."

"मंग इतके वर्सं बोलला काहून न्हाईस?"

"तू इचारलंच न्हाई."

आबांनी एक शेंग उचलली, फोडली, दाणे काकांच्या हातावर ठेवले. त्यांचा हात काकांच्या हातावर तसाच राहिला.

"मला भेव वाटलं," आबा म्हणाले. "तू आठ म्हणशील म्हून."